गूळ फोडायचा हातोडा आणि पणजोबांची ‘जंगलातली’ नोकरी

माळावरचा_पिंपळ | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. वाचतोय लै दिवसांपासून, लिहितोय पहिल्यांदाच. सांभाळून घ्या.

आमच्या घरात (जिंतूर तालुका, जिल्हा परभणी) एक लोखंडी हातोडा आहे. आज्जी त्यानं गुळाची ढेप फोडायची, आता आई फोडते. उचलायला चांगला जड. एका अंगाला कुऱ्हाडीसारखं आखूड पातं, ते आता पार बोथट झालंय. दुसऱ्या अंगाला गोल तोंड, जुन्या चांदीच्या रुपयाएवढं, आणि त्यावर काहीतरी उठावाचं काढलेलं. मला ते मासे धरायच्या गळासारखं दिसायचं, त्याखाली तीन दात्यांचा काटा. ढेपेवर घाव बसला की कधीकधी गळ गुळात उमटायचा. तो खडा कुणाचा, यावरून आम्हा चार भावंडांत मारामाऱ्या झाल्यात.

परवा घराला रंग द्यायला सामान बाहेर काढलं. रंगारी म्हणाला, हे काय अवजार? वडील म्हणाले, माझ्या आजोबांचं, ते जंगलात होते. मी हे वाक्य लहानपणापासून ऐकतोय. शाळेत असताना मला वाटायचं पणजोबा वनवासात वगैरे गेले होते. पुढं कळलं, निजामाच्या राज्यात जंगलखात्यात होते, किनवट-माहूरकडं. घोडं होतं म्हणे. बस, इतकंच. फोटो नाही, कागद नाही.

तर विचारायचं हे की हा हातोडा कशाचा? आणि त्या काळचा जंगलाचा माणूस सकाळी उठून रात्री झोपेपर्यंत नेमकं करायचा काय? माझ्या डोळ्यापुढं नुसती बंदूक, मिशा आणि पायाशी वाघ येतो.

---

तिफण | शनिवार, रात्री ९:५२

हातोड्याचा फोटो टाका. आणि गुळाचा पण.

---

लातूरची_लेक | शनिवार, रात्री १०:०५

आमच्या जिल्ह्यात जंगल एक टक्काही नाही, त्यामुळं या धाग्यात मी फक्त गुळाबद्दल बोलू शकते. ढेप फोडायला हातोडा नको, सुताराची जुनी पटाशी घ्या. चुरा कमी होतो.

---

जाळरेषा | शनिवार, रात्री ११:१८

पिंपळराव, झोपायला निघालो होतो, तुमचा धागा बघून परत बसलो.

मी खात्यात ३३ वर्षं काढली. गार्ड म्हणून लागलो, वनपाल म्हणून सुटलो. अर्धी नोकरी बोधडी-किनवट पट्ट्यात, शेवटची कन्नडला. तुमच्याकडं आहे तो शिक्क्याचा हातोडा. त्या गोल तोंडाला आम्ही नुसतं ‘हॅमर’ म्हणायचो, आणि त्याला साहेबापेक्षा जास्त भ्यायचो.

काम असं की कूप (तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा) तोडायला काढायचा म्हटल्यावर आधी झाडं ठरवायची. ठेकेदार वाट्टेल ते झाड तोडू शकत नाही. झाडाला छातीच्या उंचीवर टेप लावायचा, घेर वहीत मांडायचा, नंबर टाकायचा. मग त्या बोथट पात्यानं (तेव्हा ते वस्तऱ्यासारखं असणार) दोन-चार बोटं साल तासायची, आतलं ओलं लाकूड उघडं करायचं, हातोडा फिरवायचा आणि शिक्का मारायचा. एकच घाव. दुसरा मारला की चिन्ह दुहेरी उमटतं आणि साहेब विचारतो, हात थरथरला का?

हा शिक्का दोन जागी. एक वर, तोडणाऱ्याला दिसेल असा. दुसरा बुडाशी, जमिनीलगत. झाड पडलं की वरचा शिक्का खोडाबरोबर निघून जातो, खालचा थुटावर राहतो. ठेकेदारानं दोन्ही शिक्क्यांच्या मधूनच तोडायचं. नंतर रेंजर थुटं बघत फिरतो. थुटावर शिक्का आणि नंबर असला तर पुढं चला. नसला, तर ते झाड चोरीचं. मग गुन्हा लिहा, मुद्देमाल हुडका, पंच गोळा करा, दिवस संपला.

म्हणजे तुमच्या पणजोबांचा निम्मा जन्म वर झाडाच्या शेंड्याकडं बघण्यात नाही, खाली थुटांकडं बघण्यात गेला असणार. वाघाचं म्हणाल तर मी ३३ वर्षांत धड दिसलेला वाघ एकदा पाहिला, तोही पाठमोरा. थुटं मात्र डोळे मिटले की अजून दिसतात.

बाकी उद्या. एक शंका तेवढी आताच घालून ठेवतो: हा हातोडा घरी कसा?

---

तिफण | शनिवार, रात्री ११:२५

झालं. पिंपळराव, गूळ लपवा.

---

फसली_सन | रविवार, सकाळी ७:३०

‘ते जंगलात होते’ हे वाक्य वाचून सकाळी सकाळी हसलो, कारण आमच्याही घरात हेच वाक्य आहे आणि आम्हीही तसंच फसलो होतो. ही मराठीची सप्तमी नाही हो! ‘जंगलात’ हे उर्दूतलं जंगलचं अनेकवचन. कागज, कागजात तसं जंगल, जंगलात. खात्याचं नावच महकमा-ए-जंगलात. म्हणजे पणजोबा ‘जंगलात’ होते याचा अर्थ ते ‘जंगलखात्यात’ होते. कचेरीत खुर्चीवर बसलेला कारकूनही ‘जंगलात’च असायचा.

आता तुमचा गळ. शिक्का नेहमी उलटा कोरलेला असतो आणि निजामी कारभार उर्दूत. आईला कणीक मळू द्या, गोळ्यावर हातोडा दाबा आणि आरशाबिरशाच्या भानगडीत न पडता काय उमटतं ते सांगा. मला अंदाज आहे, पण आधी सांगत नाही.

---

गोदाकाठ | रविवार, सकाळी ८:१०

आमच्या पैठणला जंगल म्हणजे बाभळी. माझे चुलत आजोबा सांगायचे की निजामाच्या वेळी रेंजर गावात येणार म्हटलं की लोक घरातली लाकडं विहिरीत टाकायचे. खरं खोटं देव जाणे.

---

माळावरचा_पिंपळ | रविवार, सकाळी १०:४५

कणकेचा प्रयोग केला. आईनं आधी दोन शिव्या घातल्या, मग तिलाच उत्सुकता. गळाचं तोंड दुसऱ्या बाजूला झालं, पोटात एक टिंब दिसलं. ते टिंब इतकी वर्षं गुळानं भरून गेलं होतं, सुईनं कोरून काढलं. खालचा काटा पण फिरला. त्या गोळ्याची पोळी लाटायला आई तयार नाही, म्हणते सरकारी आहे.

---

फसली_सन | रविवार, सकाळी ११:००

जीम! हूक आणि पोटात टिंब म्हणजे ‘जीम’ अक्षर. आणि तीन दात्यांचा काटा म्हणजे उर्दू आकडा ३. जीम-तीन.

---

बीडचा_सीताफळवाला | रविवार, सकाळी ११:२०

जीम म्हणजे जिल्हा. जिल्हा क्रमांक तीन. सोपं आहे.

---

फसली_सन | रविवार, सकाळी ११:३४

सीताफळवाले, जिल्हा हा शब्द उर्दूत जीमनं नाही, ज्वादनं लिहितात. ‘जंगलात’ मात्र जीमनंच. तेव्हा जीम जंगलातचा धरू. तीन हा हातोड्याचा नंबर दिसतो.

पिंपळरावांसाठी आणखी एक: घरात जुना कागद सापडलाच तर सन बघून दचकू नका. १३४१ वगैरे असेल. तो फसली, म्हणजे निजामी कारभारातला सन. त्यात ५९० मिळवा, १९३१ येतं. वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचं, पहिला महिना आजूर. आणि पगाराचा आकडा दिसला तर तो हाली सिक्क्यात, म्हणजे निजामाच्या रुपयात असणार. सात हाली रुपये म्हणजे इंग्रजांचे सहा कलदार.

---

बीडचा_सीताफळवाला | रविवार, सकाळी ११:४०

ज्वाद तर ज्वाद. माघार.

---

किनवटकर | रविवार, दुपारी १:१५

चालू द्या तुमचं हॅमरपुराण. पण दुसऱ्या बाजूनं पण कुणीतरी लिहावं म्हणून लिहू लालोय.

मी माहूर-किनवटच्या मधल्या एका गावचा. आजा सांगायचा ते असं: रेंजर येणार म्हणून निरोप आला की गाव कामाला लागायचं. घोड्याला चारा, साहेबाला दूध, कोंबडी, अंडी, सामान वाहायला गडी आणि बैलगाडी. पैसा? वेठ म्हणतात त्याला. नांगर मोडला आणि नवीन इस्साड (नांगराचा दांडा) पाहिजे, तर झाड दारात उभं असूनही हात लावायचा नाही. लावला तर चौकीदार, चौकीदाराच्या मागं दंड, आणि दंडापेक्षा स्वस्त पडायचं ते दुसरं काहीतरी. शेळी तर सोडाच, शेळीची लेंडी राखीव जंगलात सापडली तरी हिशोब द्यावा लागायचा, असं आजा म्हणायचा. थोडं मीठमसाला असेल. सगळं नसेल.

किनवट तेव्हा नांदेडात नव्हतं, आदिलाबाद जिल्ह्यात होतं. नांदेडला जोडलं १९५६ ला. त्याच आदिलाबादेत १९४० साली जोडेघाटला गोंडांचा पुढारी कुमराम भीम मारला गेला. ते भांडण कशावरून होतं? जंगलातल्या जमिनीवरून, राखीव रेषेच्या आत पडलेल्या शेतावरून. त्यानंतरच निजाम सरकारनं हायमेनडॉर्फ नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाला गोंडांमध्ये पाठवलं, मार्लवाईला गोंडांच्या मुलांसाठी शिक्षणाचं काम सुरू झालं. म्हणजे सरकारलाही कळलं होतं की आपला माणूस तिथं काय करतोय.

पिंपळराव, तुमच्या पणजोबांवर माझा राग नाही. पण ‘रोज काय करायचे’ विचारलं म्हणून सांगितलं. हे पण रोजचंच होतं.

---

जाळरेषा | रविवार, दुपारी ३:०२

किनवटकर, तुमच्या आजाचं मी खोटं म्हणणार नाही. माझ्या नोकरीतही जुने गार्ड ‘आमच्या वेळी गावात गेलं की...’ म्हणून मिटक्या मारत सांगायचे.

फक्त एवढंच सांगतो की रेषा आखणारा वेगळा आणि त्या रेषेवर उभा केलेला वेगळा. हद्दीचे दगड कुठं बसवायचे हे वर ठरायचं. खालच्या माणसाला ते मोजत, चुना लावत फिरायचं आणि गावाच्या शिव्या खायच्या. पगार असा की त्यात घोडं पोसायचं की पोरं, हा प्रश्न.

---

किनवटकर | रविवार, दुपारी ३:२०

शिव्या खाल्ल्या की कोंबडी पण खाल्ली?

---

जाळरेषा | रविवार, दुपारी ३:२६

दोन्ही खाल्ल्या. मान्य.

---

गणित_मास्तर | रविवार, संध्याकाळी ५:१०

घेर मोजायचे म्हणालात म्हणून राहवत नाही. लाकडाचा सौदा ज्या सूत्रावर व्हायचा ते वर्गात शिकवावं इतकं मजेशीर आहे. गोल ओंडक्याच्या मध्यावर घेर घ्यायचा, त्याचा चौथा हिस्सा काढायचा, त्याचा वर्ग करून लांबीनं गुणायचं. घेर ४ फूट, लांबी १२ फूट. चौथा हिस्सा १, वर्ग १, गुणिले १२. उत्तर १२ घनफूट. तोंडी.

आता हाच ओंडका वर्तुळ धरून केला तर साधारण सव्वापंधरा घनफूट येतो. म्हणजे शेकडा २१ हून थोडं जास्त लाकूड हिशोबातच नाही. साल, फळ्या काढताना वाया जाणारे कोपरे यांची ती सूट. चौकोनी कापताना ते जातंच. पण विकणाऱ्याच्या छातीत कळ येत असणार.

मला यात खरं कौतुक त्या माणसाचं वाटतं, जो पावसात चिखलात उभा राहून असे दोनशे-तीनशे ओंडके वहीत उतरवायचा आणि संध्याकाळी कंदिलापाशी बेरीज लावायचा. आमची पोरं कॅल्क्युलेटर घेऊन बेरीज चुकवतात.

---

जाळरेषा | रविवार, संध्याकाळी ५:४५

मास्तर, दोनशे-तीनशे बरोबर. आणि बेरीज चुकली तर वसुली आपल्या पगारातून, म्हणून चुकायची नाही. पोरांच्या पगारातून कापून बघा.

काल राहिलं होतं ते सांगतो. हे माझ्या काळचं आहे, पण मला शिकवणारे गार्ड निजामी काळातून आलेले, त्यांचं वर्षही असंच होतं. दिवाळीनंतर कूप आणि तोड. लाकूड आडवं झालं की टोकावर परत शिक्का, नंबर, मग डेपो, मग वाहतुकीचा पास. गाडीतला माल आणि पासावरचा माल नाक्यावर जुळवायचा. १५ फेब्रुवारीच्या आत जाळरेषा साफ करायच्या, म्हणजे हद्दीवर आणि कूपाच्या भोवती पट्टा तासून तिथलं गवत आपणच जाळायचं, नंतर आग आली तर तिथं अडावी म्हणून. माझं इथलं नाव त्यावरूनच. मार्चपासून आग. मोहाची फुलं वेचायला लोक झाडाखालचा पाला जाळतात, ती ठिणगी, विडीची ठिणगी, कधी मुद्दाम लावलेली. हिरव्या फांद्या घेऊन झोडपायची, दुसरं साधन काही नाही. मे महिन्यात तेंदूपत्ता, सत्तर पानांचा एक पुडा, फडावर बसून पुडे मोजा. पाऊस पडला की रोपवण. सागाचं खोडमूळ पहारीनं भोक पाडून लावायचं. चराईचे पास, कोंडवाडा, गुरं कुणाची यावर भांडणं. आणि या सगळ्यात रोज संध्याकाळी दैनंदिनी: कुठून निघालो, कुठं मुक्काम, किती चाललो, काय पाहिलं. साहेब लोकांना ती महिन्याला वर पाठवावी लागायची. ‘काही विशेष नाही’ असं लिहायला परवानगी नव्हती. मग आमचे एक साहेब लिहायचे, ‘मोर नाचताना दिसला.’ दर बुधवारी मोर.

---

लातूरची_लेक | रविवार, संध्याकाळी ६:००

दर बुधवारी मोर!! 😂

---

पैनगंगेपलीकडचा | रविवार, रात्री ८:३०

मी उमरखेडचा, म्हणजे मराठवाड्याच्या उंबरठ्यावरचा वऱ्हाडी, तरी दोन शब्द.

तेव्हा पैनगंगा ही दोन राज्यांची शीव होती. अलीकडं तुमचा निजाम, पलीकडं आमचा इंग्रजी अंमल. म्हणजे एकाच सागाच्या जंगलाला दोन सरकारं, दोन कायदे, दोन शिक्के. उन्हाळ्यात नदीला गुडघाभर पाणी. रात्री बैलगाडी उतरवली की माल परदेशी! आमच्या गावात जुन्या वाड्यांचे खांब मोजत बसलात तर तुमच्या जीम-तीनचे किती निघतील सांगता येत नाही. की बिनशिक्क्याचेच जास्त निघतील.

किनवटकरांच्या मुद्द्याला जोड: जंगलखात्यावरचा राग काही निजामापुरता नव्हता. १९३० च्या जुलैत आमच्याकडं पुसदला बापूजी अणे यांनी राखीव जंगलातलं गवत कापून सत्याग्रह केला. गवत! माणसं गवत कापून तुरुंगात गेली. पुसद ते माहूर अंतर किती? वारा इकडून तिकडं गेला नसेल का?

---

फसली_सन | रविवार, रात्री ९:०५

गेला, पण उशिरा आणि वेगळ्या झाडावर. १९४७-४८ मध्ये हैदराबाद मुक्तिसंग्रामात आपल्याकडं शिंदीची झाडं तोडायचा कार्यक्रम जोरात होता. ताडी-शिंदीवर सरकारचं मोठं उत्पन्न, म्हणून झाडावरच कुऱ्हाड. त्याच झपाट्यात करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे नाके जाळले. खाकी कपडा घातलेल्या कुठल्याही सरकारी माणसाला ते दिवस सोपे गेले नसणार. एकीकडं रझाकार, एकीकडं सत्याग्रही, आणि मधे हा बाबा हातोडा घेऊन थुटं मोजतोय.

---

तिफण | रविवार, रात्री ९:१२

आणि शिंदीची झाडं तोडली तर त्यावर शिक्का नाही म्हणून परत गुन्हा लिहायचा!

---

बालाघाटची | सोमवार, सकाळी ६:५०

मी सध्या वनरक्षक आहे, धाराशिव जिल्ह्यात. जास्त ओळख देत नाही. जाळरेषा काकांचं वाचून हसू आलं, कारण हातोडा सोडला तर यादी तीच आहे. आमच्याकडं तोड नाही, त्यामुळं हॅमर तिजोरीत, मी तो हातात एकदाच घेतलाय. बाकी आग, चराई, अतिक्रमण, रोपवण, आणि दैनंदिनीच्या जागी मोबाईलमध्ये जीपीएसचा मार्ग. मोर चालत नाही आता, फोटो मागतात.

आणि हो, वाघ. टिपेश्वरचा एक नर २०२४ च्या शेवटी येडशीच्या रामलिंग अभयारण्यात येऊन दाखल झाला. यवतमाळ जिल्ह्यातून इतकं चालून. रामलिंगचं जंगल केवढं? सगळं मिळून २२ चौरस किलोमीटर. त्यानंतर आम्हाला रोज तीन प्रश्न: वाघ कुठं आहे, शेतात जाऊ का, आणि म्हशीचे पैसे कधी मिळणार. ठसे बघायचे, कॅमेऱ्याचं कार्ड काढायचं, पंचनामा करायचा, आणि रात्री पिकाला पाणी भरणाऱ्या शेतकऱ्याला सांगायचं की एकट्यानं जाऊ नका. लाईट रात्रीच येते त्याला मी काय करू?

पिंपळदादा, तुमच्या पणजोबांना निदान घोडं होतं. मला माझीच स्कूटी, माझंच पेट्रोल.

---

बीडचा_सीताफळवाला | सोमवार, सकाळी ९:१५

ताई, मार्ग कुठला घेतला असेल त्यानं? बालाघाटच्या रांगेनं आला असेल तर आमच्या दारावरून गेला म्हणायचा. सीताफळं खाल्ली का विचारा.

---

बालाघाटची | सोमवार, सकाळी ९:४०

रानडुकरं खातात सीताफळं, तो रानडुकरं खातो. हिशोब तिथं मिटतो.

---

धारूरचा_डॉक्टर | सोमवार, दुपारी १२:२०

एक गोष्ट कुणीच लिहिली नाही. हिवताप. किनवट पट्टा जुन्या सरकारी नोकरांत काळ्या पाण्यासारखा बदनाम होता तो वाघामुळं नाही, डासामुळं. पावसाळा सरता सरता ताप सुरू व्हायचा, प्लीहा वाढून पोट पुढं यायचं. औषध म्हणजे कोयनेल, कडू जहर, कानात घूं घूं करणारं. तिथं बदली झाली की लोक बायकापोरं गावाकडं ठेवून एकटे जायचे. पिंपळराव, तुमच्या घरात पणजोबांच्या नोकरीची आठवणच इतकी कमी आहे, त्याचं कारण हेही असेल. बघायला घरचं कुणी तिथं नव्हतंच.

---

माळावरचा_पिंपळ | सोमवार, दुपारी १:०५

डॉक्टर, हे डोक्यात घुसलं. पणजी कायम जिंतूरलाच होती हे मला माहीत होतं. का, हे कधी विचारलं नाही.

---

जाळरेषा | सोमवार, दुपारी २:३०

पिंपळराव, माझी पहिल्या दिवसाची शंका तशीच आहे. राग मानू नका.

हातोड्याचं रजिस्टर असतं. कुणाकडं कोणता, कधी दिला, कधी परत आला. हरवला तर त्याच दिवशी वर कळवायचं, कारण तो हातोडा ज्याच्या हातात पडला त्याला कुठलंही चोरीचं झाड सरकारी करून टाकता येतं. आणि त्या प्रत्येक झाडाचा बोभाटा, ज्याच्या नावावर हातोडा आहे, त्याच्या डोक्यावर. म्हणून कुणी मजुराच्या हातातसुद्धा देत नसे. बाद झालेला हातोडा असाच टाकत नाहीत, तोंडावर छिन्नीनं आडवी खाच मारतात म्हणजे शिक्का निकामी होतो.

तुमच्या जीमवर आडवी खाच आहे का?

---

माळावरचा_पिंपळ | सोमवार, दुपारी २:५०

नाही. गुळगुळीत आहे. (कोटी ठरवून केलेली नाही.)

---

तिफण | सोमवार, दुपारी २:५२

म्हणजे हातोडा अजून चालू आहे! बालाघाटचीताई, स्कूटी काढा, जप्ती आहे.

---

किनवटकर | सोमवार, दुपारी ३:१०

जाळरेषा काका, हे तुम्ही विचारलं ते बरं झालं. मी विचारलं असतं तर भांडण झालं असतं.

---

माळावरचा_पिंपळ | मंगळवार, रात्री १०:३०

काल रात्रभर तळमळलो, खरं सांगतो. पणजोबा चोर निघाले तर? आज सुट्टी टाकून सेलूला गेलो. वडिलांची थोरली आत्या तिथं असते. वय ८८. ऐकू कमी येतं, पण बोलायला लागली की थांबत नाही. हातोडा पिशवीत घालून नेला होता. तिनं हातात घेतला, तोंडावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, “कुणी गूळ फोडला ह्यानं? तुझ्या आज्जीनं? मला वाटलंच.”

तिनं सांगितलं ते असं. पोलीस ॲक्शन झाली (१९४८, हैदराबाद संस्थान भारतात आलं) तेव्हा ती दहा-अकरा वर्षांची. पणजोबांचे साहेब मुसलमान होते, भले माणूस, दिवाळीला आमच्याकडं फराळाला आलेले. गडबडीत ते एका रात्रीत हैदराबादला निघून गेले. हातोडा, टेप आणि वह्या पणजोबांकडंच राहिल्या. सगळं शांत झाल्यावर ते गाठोडं घेऊन कचेरीत जमा करायला गेले. तिथं नवा कारकून. त्यानं यादी बघितली. टेप घेतला, वह्या घेतल्या, त्यांची पावती दिली. हातोड्यावर उर्दू अक्षर, नव्या यादीत तो नाही. म्हणाला, त्या कोपऱ्यात टाका.

पणजोबा म्हणाले, पावती द्या.

तो म्हणाला, यादीतच नाही तर पावती कशाची देऊ? पणजोबा म्हणाले, मग कोपऱ्यात कशाचं टाकू? घेऊन आले परत. सहा महिन्यांनी पुन्हा गेले, माणूस बदललेला, उत्तर तेच. तिसऱ्यांदा गेले तेव्हा वरचे साहेब हसले म्हणे, ठेवा हो घरी, आठवण. त्यावर पणजोबा इतके चिडले की आठ दिवस कुणाशी बोलले नाहीत.

मग त्यांनी तो धोतराच्या फडक्यात गुंडाळून माळवदाच्या कोनाड्यात ठेवला. फक्त खंडेनवमीला खाली काढायचे, पुसायचे, हळदकुंकू लावायचे आणि परत कोनाड्यात. पोरांनी हात लावला तर पाठीत धपाटा. आत्या म्हणते, बाबांना वाटायचं कुणी नेऊन कुठल्या झाडावर मारला तर नाव आपलं लागंल.

ते १९६१ ला गेले. त्यानंतर पहिल्याच संक्रांतीला आज्जीनं कोनाड्यातून काढून ढेपेवर घातला.

किनवटकर, तुमचाही प्रश्न विचारला मी आत्याला. कोंबड्या खायचे का म्हणून. ती म्हणाली, “खायचे की. माळकरी झाले ते नोकरी सुटल्यावर.”

---

किनवटकर | मंगळवार, रात्री १०:४८

😄 आत्याला माझा नमस्कार सांगा. खरं बोलणारं माणूस आहे.

---

फसली_सन | मंगळवार, रात्री ११:०२

जीम-तीन. यादीत नाही म्हणून पावती नाही, पावती नाही म्हणून परत नाही. त्या दोन-तीन वर्षांत आपल्याकडं नुसते हातोडे नाही, माणसंही अशीच यादीबाहेर राहिली होती.

---

जाळरेषा | मंगळवार, रात्री ११:२०

पिंपळराव, माझी शंका मी मागं घेतो. त्यांच्या जागी मीही पावतीशिवाय ठेवला नसता. मी सुटलो त्या दिवशी हॅमर जमा केल्याची पावती अजून पाकिटात घालून फिरतो, बायको हसते.

एक काम करा. छिन्नी घेऊन जीमवर आडवी खाच मारून टाका. रीतसर होईल.

---

माळावरचा_पिंपळ | बुधवार, सकाळी ७:४५

आईला विचारलं. ती म्हणते खाच मारायची नाही, गुळात चिन्ह उमटत नाही मग. आणि कुणी पावती घेऊन आलं तरी हातोडा देणार नाही, आधी ढेप फोडायला दुसरं काय ते आणून द्या म्हणावं.

---

लातूरची_लेक | बुधवार, सकाळी ८:००

पटाशी. पहिल्या दिवशीच सांगितलं होतं.